उसाचे इथेनॉल, सोलापूरचे पाणी आणि हवामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलविषयीची चर्चा बहुधा पेट्रोलचा दर, गाडीचे मायलेज आणि कारखान्याने दिलेली पहिली उचल यांभोवती फिरते. ज्या पिकापासून हे इंधन तयार होते, ते पीक जमिनीतून किती पाणी उचलते, ते पाणी वाफ होऊन कोठे जाते आणि त्याने भोवतालच्या हवेत काय बदल होतो, हे प्रश्न मागे पडतात. सोलापूरसारख्या पर्जन्यछायेतील जिल्ह्यात मात्र तेच आधी विचारायला हवेत. शेतकरी, विद्यार्थी आणि पाणीवापर संस्थांचे सभासद यांच्याकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

जैवइंधनाची पिके म्हणजे कोणती, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांपैकी कोणती येतात?

ज्या पिकातील साखर, पिष्ट किंवा तेल यांपासून वाहनांचे इंधन तयार करता येते, ते जैवइंधनाचे पीक होय. भारतात इथेनॉल मुख्यत्वे ऊस, मका आणि तांदूळ यांपासून तयार होते. सोलापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा विषय प्रामुख्याने उसाचा आहे आणि त्यानंतर मक्याचा. माळशिरस, पंढरपूर, माढा, मोहोळ या तालुक्यांत कालवा, नदी किंवा विहिरीच्या पाण्यावर ऊस उभा असतो. मका पूर्वी प्रामुख्याने दुभत्या जनावरांच्या चाऱ्यासाठी आणि कोंबडीखाद्यासाठी घेतला जात असे. आता त्याला इथेनॉलचेही गिऱ्हाईक मिळाले आहे.

इथेनॉलची मागणी इतक्या झपाट्याने का वाढली?

२०१३-१४ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आणि २०२२ मध्ये धोरणात दुरुस्ती करून ही मुदत २०२५-२६ वर आणण्यात आली. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, तर २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. तेलाच्या आयातीवरील परकीय चलन वाचवणे, शिल्लक साखरेचा प्रश्न सोडवणे आणि उसाची बिले वेळेवर निघणे ही यामागची कारणे होती, आणि ती खोटी नाहीत. उद्दिष्ट देशासाठी ठरले असले, तरी त्याला लागणारे पाणी काही मोजक्या खोऱ्यांतूनच यायचे होते. धोरणाच्या चर्चेत या बाजूला पुरेसे वजन मिळाले नाही, असे आमचे मत आहे.

ऊस लावल्याने हवा थंड होते, हे खरे आहे का?

होय, दिवसाच्या वेळी आणि मर्यादित परिसरापुरते ते खरे आहे. त्यामागचे कारण नीट समजून घेतले, तर पुढची बरीच उत्तरे आपोआप सुटतात.

सूर्याकडून जमिनीवर येणाऱ्या उष्णतेचा काही भाग परत फेकला जातो आणि उरलेला दोन वाटांनी खर्च होतो. जमीन कोरडी असेल तर ती उष्णता माती आणि तिच्यावरची हवा तापवते. जमिनीत ओल असेल आणि तिच्यावर हिरवे पीक असेल, तर उष्णतेचा मोठा हिस्सा पाण्याची वाफ करण्यात जातो आणि हवा तेवढी कमी तापते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४५ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळजवळ ०.६८ युनिट इतकी ऊर्जा लागते. मे महिन्यात भरात आलेला आडसाली (आदल्या जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला) ऊस दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडवतो असे धरले, तर एका एकरातून रोज सुमारे २४ हजार लिटर पाणी हवेत जाते आणि त्यासाठी साडेसोळा हजार युनिटइतकी उष्णता खर्ची पडते. शेजारच्या ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात हीच उष्णता माती तापवण्यात जाते. दुपारी दोनच्या सुमारास अशा रानातून चालत येऊन उसाच्या बांधावर उभे राहिले की अंगाला जो फरक जाणवतो, तो याच हिशेबाचा आहे.

यात परावर्तनाचाही थोडा वाटा आहे. सोलापूरची काळी माती, विशेषतः ओली असताना, फारच थोडा प्रकाश परत पाठवते. त्या मानाने उसाची पाने अधिक प्रकाश परत फेकतात. आपल्याकडे मुख्य फरक पाडते ती मात्र वाफच.

परदेशांत याचा अभ्यास झाला आहे का?

झाला आहे. ब्राझीलमधील सेराडो या गवताळ वनप्रदेशाचा उपग्रहांच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे नैसर्गिक वनस्पती काढून शेती आणि कुरणे केल्यावर जमिनीचे तापमान सरासरी १.५५ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आढळले; त्याच शेती-कुरणांच्या जागी पुढे ऊस आल्यावर ते सरासरी ०.९३ अंशाने उतरले. यातील दुसराच आकडा उचलून ‘उसाने तापमान घटते’ असे सांगणे अर्धवट होईल, कारण मूळ वनस्पतीच्या तुलनेत ऊस अजूनही उष्णच ठरतो. कशाच्या जागी काय लावले, यावर उत्तर फिरते.

अमेरिकेच्या मध्यभागातील मक्याच्या पट्ट्यातही पिकाची दाटी वाढल्याने उन्हाळी दुपारचे तापमान काहीसे रोखले गेल्याचे आणि हवेतील दमटपणा वाढल्याचे संशोधकांनी मांडले आहे. मात्र तेथील बराचसा मका पावसावर वाढतो आणि ब्राझीलच्या मुख्य ऊसपट्ट्यात वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्याची सरासरी साधारण ५५० मिलिमीटर आहे. तेथील निष्कर्ष जसेच्या तसे येथे आणून लावता येत नाहीत, ते यामुळेच.

मग सगळीकडे ऊस लावला, तर सोलापूरचा उन्हाळा सुसह्य होईल की नाही?

नाही, आणि याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण दमटपणाचे. थर्मामीटरचा पारा आणि शरीराला सोसावी लागणारी उष्णता या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हवेत ओलावा वाढला की घाम सुकत नाही आणि शरीर थंड राहण्याची वाट बंद होते. भारतातील सिंचनामुळे जमिनीचे तापमान घटले, तरी दमट उष्णतेचा ताण वाढला, असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघाला आहे. उसाच्या सरीत शिरून पाचट काढणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: बांधावर वारा लागतो, पण आत डोक्याच्या वर गेलेल्या पानांमध्ये वारा थांबलेला असतो, सदरा पाठीला चिकटतो आणि पानांच्या करवती कडांनी कातरलेल्या हातांवर घाम झोंबत राहतो. हंगाम लांबून मार्चअखेरपर्यंत तोड चालली की ऊसतोड कामगारांना हा त्रास सर्वाधिक होतो.

दुसरे कारण पाण्याचे आहे आणि ते अधिक मूलभूत आहे. हा थंडावा पाणी असेपर्यंतच टिकतो. धरण खाली गेले, कालव्याचे आवर्तन (ठरलेल्या पाळीने सोडले जाणारे पाणी) चुकले, बोअर आटले की तोच फड वाळतो आणि तेथील जमीन शेजारच्या रानाइतकीच तापते. ज्या वर्षी थंडाव्याची सर्वाधिक गरज असते, त्या वर्षी म्हणजे दुष्काळातच तो मिळत नाही.

रात्रीही असाच थंडावा मिळतो का?

तितका नाही. ओली माती दिवसाची उष्णता धरून ठेवते आणि दमट हवा जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता सहज निसटू देत नाही. त्यामुळे रात्रीचा फरक थोडा असतो, काही वेळा उलटाही असतो.

उसातून निघालेल्या वाफेचा पाऊस आपल्याकडेच पडतो का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. ‘ऊस आला, झाडी वाढली, म्हणून पाऊस वाढला’ असे पारावर अनेकदा ऐकू येते. त्यात तथ्याचा एक अंश आहे. पण जिल्ह्याच्या हिशेबात तो फार उपयोगी पडत नाही.

जमिनीवरून गेलेली वाफ पुन्हा जमिनीवर पाऊस होऊन पडते, या प्रक्रियेला पर्जन्याचे पुनर्चक्रीकरण म्हणतात. गंगेच्या मैदानात मोसमाच्या अखेरीस पडणाऱ्या पावसात अशा स्थानिक वाफेचा वाटा एक पंचमांश ते एक चतुर्थांश असू शकतो, असे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे. त्याच गटाने पुढे असेही मांडले, की वृक्षाच्छादित प्रदेशाची शेतजमीन झाल्याने वाफ घटली आणि त्याचा परिणाम मोसमी पावसावर झाला. तेव्हा जमिनीवरील हिरवाई आणि पाऊस यांचा संबंध काल्पनिक नाही.

मात्र वाफ हवेत सरासरी आठ ते दहा दिवस राहते आणि तेवढ्या काळात वारा तिला शेकडो किलोमीटर दूर नेतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारे पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून वाहतात. पंढरपूर-मोहोळच्या फडातून उठलेली वाफ त्यामुळे कलबुर्गी, बिदर आणि पुढे तेलंगणाच्या दिशेने जाते. ती मोहोळवरच पाऊस होऊन परतावी असा एखादा जिल्ह्याएवढा बंदिस्त चक्राकार मार्ग वातावरणात नसतो. उन्हाळ्यात, म्हणजे ऊस सर्वाधिक पाणी उडवत असताना, वरची हवा इतकी कोरडी असते की ही वाफ तिच्यात विरून जाते. अपवाद वळवाच्या पावसाचा: जमिनीलगतच्या ओलाव्याने दुपारच्या ढगांना काही प्रमाणात बळ मिळू शकते. पण वळीव एका शिवारात कोसळतो आणि दुसरे कोरडे सोडतो, सोबत गाराही आणतो. द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदाराला तो कितपत हवा असतो, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. सोलापूरची अडचण केवळ हवेतील वाफेची नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सोलापूर परिसरात विमानातून मेघबीजनाचे, म्हणजे ढगांत बीजकण सोडून पाऊस वाढवण्याचे प्रयोग केले, ते ढग येथे येतात पण त्यांतून पुरेसा पाऊस पडत नाही म्हणूनच. सह्याद्री ओलांडून खाली उतरणारी हवा, ढगांची जाडी, त्यांतील थेंबांचा आकार आणि परतीच्या पावसाच्या काळात बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या प्रणाली यांवर येथील पाऊस अवलंबून आहे. त्यात उसाच्या फडांनी मोठा फेर पडत नाही.

उसाला लागणारे पाणी आणि येथे पडणारा पाऊस यांचा ताळमेळ कसा आहे?

ताळमेळ नाही. ५५० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर ५५ लाख लिटर पाणी, आणि त्यातलेही बरेच वाहून जाते. मोकाट सिंचनावरच्या उसाला लागणीच्या हंगामानुसार अडीच ते साडेतीन मीटर पाणी दिले जाते. अडीच मीटरचाच हिशेब धरला, तरी ते अडीच कोटी लिटर होते. म्हणजे एक हेक्टर ऊस साडेचार हेक्टरांवर पडणाऱ्या संपूर्ण पावसाइतके पाणी घेतो. हे पाणी कोठून तरी आणावे लागते: भीमाशंकरपासून मावळ-मुळशीपर्यंतच्या डोंगरांत पडलेला आणि उजनीत अडवलेला पाऊस, नीरेचा कालवा, किंवा पायाखालचे भूजल. सोलापूरच्या उसाने दिलेला थंडावा हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पावसाचा आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

एक लिटर इथेनॉलसाठी किती पाणी लागते?

निती आयोगाच्या २०२१ मधील इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यात उसापासूनच्या एका लिटरसाठी सुमारे २,८६० लिटर पाण्याचा आकडा दिला आहे. एका टन उसापासून ७० लिटर इथेनॉल मिळते हे त्यामागचे एक गृहीतक आहे. आपल्या शिवारासाठी हा आकडा बराच बदलू शकतो. हेक्टरी ८० टन उतारा आणि अडीच मीटर पाणी धरले, तर एका लिटरला सुमारे ४,४६० लिटर पाणी पडते. ठिबकावर दीड मीटरमध्ये १२० टन उतारा काढला, तर तोच आकडा १,८०० लिटरच्या खाली येतो. म्हणजे एकाच गावात, एकाच गटात, बांधाच्या अलीकडे-पलीकडे अडीच पटींचा फरक पडू शकतो.

शिवाय एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. निती आयोगाचाच आकडा घेतला, तर एका लिटर पेट्रोलची जागा भरून काढायला ४,३०० लिटरच्या आसपास पाणी लागते.

आसवनीला, म्हणजे इथेनॉल तयार करणाऱ्या कारखान्यालाही पाणी लागते; त्याचे काय?

शेताच्या तुलनेत ते नगण्य आहे. ऊस स्वतःच सुमारे ७० टक्के पाणी असतो आणि चांगला चालवलेला कारखाना त्यावर बरेचसे काम भागवतो. आसवनीचा खरा प्रश्न स्पेंट वॉशचा, म्हणजे अल्कोहोल काढून झाल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा आहे: मळीवर चालणाऱ्या आसवनीत एका लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. तो बाहेर न सोडता आटवून बॉयलरमध्ये जाळणे किंवा कंपोस्ट करणे बंधनकारक आहे. हे पाळले गेले नाही, तर ओढ्याचे आणि विहिरीचे पाणी तपकिरी होते, आणि गावकऱ्यांना ते प्रयोगशाळेच्या अहवालाआधी कळते.

मळी हे तर साखरेचे उपउत्पादन आहे. मग मळीच्या इथेनॉलचा भार पाण्यावर का टाकायचा?

सी हेवी मळीच्या बाबतीत हा आक्षेप बऱ्याच अंशी रास्त आहे. साखर काढून झाल्यावर उरलेल्या या मळीतून टनामागे दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते आणि त्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही. बी हेवी मळीत साखरेचा काही भाग मुद्दाम सोडला जातो आणि टनामागे वीस लिटरच्या आसपास इथेनॉल मिळते. थेट रसापासून किंवा सिरपपासून केलेल्या इथेनॉलमध्ये संपूर्ण ऊसच इंधनासाठी जातो. २०२४-२५ साठी सी हेवीचा दर लिटरला ५७.९७ रुपये, बी हेवीचा ६०.७३ आणि रसाचा ६५.६१ रुपये होता. दरांचा कल अशा रीतीने अधिकाधिक ऊस इंधनाकडे वळवण्याचाच आहे. जास्तीची साखर वळवली जाते तोवर पाण्याचा नवा खर्च होत नाही. पण या हमीमुळे नवी लागण वाढली, गाळप क्षमता वाढली आणि ती भरण्यासाठी पुढच्या वर्षी आणखी ऊस लागला, की तो सगळा भार इथेनॉलच्याच खाती धरावा लागतो. तीसच्या आसपास साखर कारखाने असलेल्या या जिल्ह्यात ही शक्यता पुस्तकी नाही.

उजनी धरण एवढे मोठे असताना पाण्याची चिंता का?

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी त्यातील ६३.६५ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी वापरता न येणारे तळाचे पाणी आहे आणि उपयुक्त साठा केवळ ५३.५७ टीएमसी आहे. हा संपूर्ण उपयुक्त साठा गळती, बाष्पीभवन, पिण्याचे पाणी आणि उद्योग यांतले काहीही वजा न करता फक्त उसाला दिला, तरी अडीच मीटरच्या हिशेबाने तो साठ हजार हेक्टरांच्या जरा वर पुरेल. चांगल्या पावसाच्या वर्षांत जिल्ह्यातील उसाचे क्षेत्र याहून कितीतरी अधिक असते. उरलेला भार विहिरी, बोअर, सीना-नीरा आणि उपसा योजनांवर पडतो.

२०२३ मध्ये पाऊस कमी झाला, धरण भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून मृत साठ्यालाही हात लागला आणि पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. सोलापूर शहराचे पाणी दीर्घकाळ भीमेच्या पात्रातून टाकळी-औजच्या बंधाऱ्यापर्यंत सोडावे लागत आले आहे. शहरासाठी सोडलेले पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या वाटेवर वाळूत मुरते, उन्हाने उडते आणि काठावरच्या मोटारींनी उचलले जाते; म्हणून प्यायला लागते त्याच्या कित्येक पट पाणी धरणातून सोडावे लागते. आवर्तनाच्या काळात काठावरच्या मोटारींची वीज तोडण्याचे आदेश निघतात, ते यासाठी. शहरात मात्र नळाला काही दिवसांआडच पाणी येत राहते.

भूजलावर आणि जमिनीवर काय परिणाम होतो?

जिल्ह्याखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. गंगेच्या गाळासारखा खोल साठा येथे नाही. पावसाळ्यात भरलेली विहीर बारमाही पिकाने काही महिन्यांत रिकामी होते, मग बोअर घेतले जाते, शेजाऱ्याचे त्याहून खोल जाते आणि उथळ विहिरींवर अवलंबून असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे पिण्याचे पाणीही खाली सरकते. ज्याने ऊस लावलाच नाही, त्याच्या वाट्याला हा परिणाम येतो, ही यातील अन्यायाची बाजू आहे.

कालव्यालगत मात्र याच्या उलट घडते. भारी काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे पाट सोडला की निचरा होत नाही, पाण्याची पातळी वर येते, वाफेबरोबर क्षार पृष्ठभागी साचतात आणि जमीन प्रथम क्षारपड, मग चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) होते. अशा रानात वाफसा (मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळण्याची स्थिती) येत नाही, उतारा घटतो आणि तो भरून काढण्यासाठी खत व पाणी आणखी वाढवले जाते.

ज्वारीच्या आणि माळरानाच्या जागी ऊस आला, तर हवामानाच्या दृष्टीने काय बिघडते?

रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि परतीच्या पावसाने काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही शेतकऱ्यांच्या विश्वासाची आहे. हे पीक पडलेल्या पावसातूनच आपली वाफ देते. बाहेरचे पाणी ओढून आणत नाही, भाकरीबरोबर कडबाही देते आणि मार्च ते जून रान मोकळे ठेवते. ते मोकळे रान तापते हे खरे, पण जलचक्राच्या दृष्टीने त्याचा हिशेब जमाखर्चात बसतो. कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३० च्या दशकात सोलापुरात सुरू झाले, ते याच मर्यादेत काय साधता येईल हे शोधण्यासाठी.

माळरानाकडे आपण पडीक म्हणून पाहतो, तेथे चूक होते. गवताच्या मुळांत कार्बन धरलेला असतो, पावसाचे पाणी मुरते आणि उन्हाळ्यात गवत सुप्त राहून पाणी वाचवते. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले ते १९७९ मध्ये. सिंचन पोहोचल्यावर भोवतालची कुरणे आणि कोरडवाहू रान बागायतीखाली जात राहिले आणि ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, तो आता तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळ मोडताना मातीतला कार्बन हवेत जातो. इथेनॉलने वाचवलेल्या कार्बनातून तो वजा करावा लागतो.

उसाऐवजी मका, गोड ज्वारी किंवा जट्रोफा हे पर्याय आहेत का?

खरिपातील पावसावरचा मका पाण्याच्या दृष्टीने निश्चितच सरस आहे. त्याला ५०० ते ६०० मिलिमीटर पाणी लागते, त्यातले बरेचसे पावसातून भागते, आणि एका टन दाण्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते. २०२४-२५ मध्ये त्याचा दर लिटरला ७१.८६ रुपये म्हणजे उसाच्या रसापेक्षा अधिक होता. तोच मका उन्हाळ्यात कालव्यावर घेतला, तर ही सरशी उरत नाही. शिवाय इथेनॉलसाठी मका खेचला गेल्याने कोंबडीखाद्य महागले आणि एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताला २०२४ मध्ये तो आयात करावा लागला. म्हणजे पाण्याचा आणि जमिनीचा भार दुसऱ्या देशावर सरकला.

गोड ज्वारी ही आपल्या हवामानाशी अधिक जुळणारी आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर दीर्घकाळ काम केले. तिची अडचण कापणीनंतरची आहे: ताटातली साखर फार थोडे दिवस टिकते, त्यामुळे कारखान्याला तिच्या वेळेनुसार चालावे लागेल. बियांच्या तेलापासून जैवडिझेल देणाऱ्या जट्रोफा या झुडपाबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. २००३ नंतर त्याचा गाजावाजा झाला, पण पडीक जमिनीत पाण्याविना अपेक्षेइतक्या बिया काही मिळाल्या नाहीत.

ठिबक केल्यावर हा प्रश्न सुटतो ना?

अर्धा सुटतो. ठिबकाने मुरणारे आणि ओल्या सरीतून उडणारे पाणी वाचते, खत वाचते आणि क्षारपडीचा धोका घटतो. पण पानांतून जाणारी वाफ फारशी कमी होत नाही. उलट पीक जोमदार झाले तर ती वाढतेही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचलेले पाणी बहुतेक वेळा विहिरीत राहत नाही, त्यावर आणखी एकरभर लागण होते. पूर्वी पाटाचे जे पाणी मुरून खालच्या विहिरीला मिळत असे, तेही मग थांबते. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये ठरावीक प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता. क्षेत्राला मर्यादा न घालता केवळ ठिबकाची सक्ती केली, तर एका टनामागचा पाण्याचा खर्च उतरेल आणि खोऱ्याचा मात्र तसाच राहील.

पण कार्बन तर वाचतो ना?

वाचतो, किती ते शेतावर ठरते. ऊस वाढताना हवेतील कार्बन घेतो आणि चिपाडावर कारखाना चालतो, या जमेच्या बाजू आहेत. युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी असतो, उपशाची वीज बहुतांशी कोळशाची असते आणि तोडीनंतर पाचट पेटवले की काजळी उडते, या वजाबाजू आहेत. पाचट कुट्टी करून सरीत ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याने खोडव्याची (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाची) पाण्याची एखाद-दुसरी पाळीही वाचते.

दुष्काळी वर्षी इथेनॉलचे धोरण टिकते का?

२०२३ मध्ये त्याची परीक्षा झाली. पाऊस कमी पडला, साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या होत्या, त्यांना हंगामाच्या ऐन तोंडावर नियोजन बदलावे लागले. पुढच्या हंगामासाठी हे निर्बंध ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. पाणी नसेल तर हे इंधनही नसते, हे त्या वर्षाने स्पष्ट केले.

मग सोलापूरच्या शेतकऱ्याने ऊस सोडून द्यावा काय?

तसे सांगणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. उसाला रास्त व किफायतशीर दर कायद्याने ठरलेला आहे. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण तो मिळेल याची खात्री नसते. ऊस गारपिटीत, अवेळी पावसात तग धरतो. डाळिंबावर तेल्या रोग आला की बाग जाते. या स्थितीत उसाकडे वळणारा शेतकरी अविचारी ठरत नाही. बदल हवा तो दरात आणि पाण्याच्या आकारणीत: इथेनॉलच्या खरेदीदरात खोऱ्यातील पाण्याची स्थिती धरली जावी, सी हेवी मळी आणि खरिपाच्या मक्याला झुकते माप मिळावे, आणि पाण्याचा हिशेब पिकाच्या एकरावर न करता प्रत्यक्ष घनमीटरवर व्हावा.

शेतकऱ्याच्या हातात तूर्त असलेल्या गोष्टींत लागणीची निवड येते. आडसाली ऊस दोन पावसाळे पाहतो, पण मधला संपूर्ण उन्हाळाही पितो. धरण सप्टेंबरअखेर किती भरले हे पाहून पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) किंवा सुरूच्या (जानेवारी-फेब्रुवारीच्या) लागणीचे क्षेत्र ठरवणे शक्य असते. जुलैत आडसाली लावणाऱ्याला मात्र ती सवड मिळत नाही, कारण त्या वेळी उजनी बहुधा नुकतीच भरू लागलेली असते.